काचघरातली फूलगळ

१

मंगळवारी सकाळी आप्पांनी काचघराची फरशी झाडली, तेव्हा केरात टोमॅटोची छप्पन्न फुलं निघाली. ती त्यांनी फेकली नाहीत. मोजून एका ताटलीत ठेवली आणि रोपांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

“माझ्या घरात खून चाललाय,” ते म्हणाले. “रोज थोडा थोडा.”

बाईंना निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती, पण लोकांच्या रोपांना हे कुणी कळवलेलं दिसत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी प्रयोगशाळेत बसून आजारी पानं तपासली होती. लोक पान घेऊन यायचे तेच मुळी रोप हातचं गेल्यावर. आता गुडघे कुरकुरत होते, चष्म्याचा नंबर दर वर्षी वाढत होता, आणि ‘नाही, मी येत नाही’ म्हणायला जेवढा जोर लागतो तेवढासुद्धा अंगात उरला नव्हता. म्हणून त्या गेल्या.

काचघर घराच्या मागच्या भिंतीला लागून होतं. एका टोकाला आप्पांची खोली. खोली आणि काचघर यांच्यामधलं दार कायम उघडं, म्हणजे खोलीतल्या गॅसच्या हीटरची ऊब रोपांनाही मिळायची. दोन रांगांत बावीस रोपं सुतळीने बांधून उभी केलेली. माणसाने जीव लावल्याचं दुरूनही कळत होतं.

बाईंनी भिंग काढलं. पानं हिरवी होती आणि ताठही. डाग नाही, कीड नाही, मुळाशी कुजकट वास नाही. फक्त प्रत्येक पानाचा देठ खाली वळला होता. अर्धवट मिटलेल्या छत्रीसारखं दिसत होतं प्रत्येक रोप. फुलं यायची, सांध्याशी पिवळी पडायची आणि गळायची.

“पाणी कमी पडतंय म्हणावं तर पानं लुळी हवीत,” बाई स्वतःशीच पुटपुटल्या.

“चहा घेणार?” आप्पांनी विचारलं. तिसऱ्यांदा. पहिले दोन कप बाईंच्या शेजारी गार होत पडले होते.

आप्पा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. बोटं अजून स्थिर होती, पण वाक्य मध्येच सुटायचं आणि मग ते भिंतीकडे बघत राहायचे.

“ही जात माझ्या बायकोची,” ते म्हणाले. “अडतीस वर्षं दर हंगामाला बी धरतोय. ती गेल्यावरही एक वर्ष चुकवलं नाही. गेल्या वर्षी मात्र तब्येतीमुळे जमलं नाही. जुनं बी आता धड उगवत नाही. होतं नव्हतं ते सगळं यंदा पेरलं. एकाही रोपाला फळ धरलं नाही, तर संपलं.”

“संशय कुणावर?”

“त्या हिरवळवाल्यावर.” आप्पांनी काचेतून शेजारच्या बंगल्याकडे बोट दाखवलं. “दर आठवड्याला तणनाशक मारतो. आणि...” त्यांनी आवाज उतरवला. “आमच्या चिरंजीवांवरही. मला आश्रमात ठेवायचं ठरवलंय त्याने. मी म्हटलं, रोपांना कोण बघणार? तर म्हणाला, रोपं राहिली तर ना!”

“कधी नेणार आहेत?”

“सोमवारी.” त्यांनी बाईंचं मनगट धरलं. “सोमवारच्या आत मला सांगा, कोण करतंय हे.”

२

सून आप्पांच्याच खोलीत शिलाई मशीन घेऊन बसली होती. इथे उजेड बरा म्हणून ती सकाळपासून चारपर्यंत इथेच शाळेचे गणवेश शिवायची. कपाळाला बाम चोपडलेला, डोळ्यांखाली काळं.

“झोप झाली नाही का?” बाईंनी विचारलं.

“झोपते की. उठले की पुन्हा झोपावंसं वाटतं. डोकं तर रोजच धरलेलं असतं. चष्मा लागला असेल.” तिने दोरा दाताने तोडला. “आप्पा माझं नावही घेत असतील ना? रोपांना पाणी मीच घालते.”

“घेतलं नाही.”

“मनात असेल. हल्ली काहीही असतं त्यांच्या मनात. परवा मला विचारलं, तुम्ही कोण?” तिने मशीनचं चाक उगाच फिरवलं. “अकरा वर्षं झाली मला या घरात.”

बोलता बोलता ती उठली आणि फडक्याने खिडकीची काच पुसू लागली. फडकं काळं झालं. “आठवड्यातून दोनदा पुसते, तरी काजळी धरते. रस्त्यावरच्या गाड्या, दुसरं काय!”

बाईंनी खोली न्याहाळली. खिडक्यांच्या फटींवर चिकटपट्टी, अगदी सरळ रेषेत. बाहेरच्या दाराखाली वारा अडवायला हिरव्या कापडाचा लांबट बोळा, त्याला बारीक टीप घातलेली. ही बाई फट सहन न करणारी होती.

“हे सगळं कधी केलंत?”

“थंडी पडली तेव्हा. दीड महिना झाला. आप्पांचा खोकला थांबेना.”

“आणि फुलं कधीपासून गळतात?”

“तेव्हापासूनच असेल. थंडीमुळेच असेल ना, बाई?”

काचघराच्या पार दुसऱ्या टोकाला एक काच फुटली होती. तिथून गार वारा सपासप आत येत होता. त्या भोकाखालचं रोप सगळ्यांत किरटं होतं. आप्पांनी मुद्दाम कमजोर रोप तिथे लावलं होतं, जगलं तर जगलं म्हणून. बाई वाकल्या. त्या रोपाच्या देठांत कसलाही बाक नव्हता, आणि पानांआड सुपारीएवढी तीन हिरवी फळं लोंबत होती.

हे बघून बाईंनी थांबायला हवं होतं. दहा वर्षांपूर्वी त्या थांबल्या असत्या. पण कपाळात ठणका सुरू झाला होता, गुडघे बोलत होते आणि बसची वेळ झाली होती.

“थंडीनेही फूल गळतं,” त्या सरळ होत म्हणाल्या. “तेवढी फुटकी काच बंद करून घ्या.”

जाताना त्यांनी मधल्या रांगेतली एक फांदी कापून पिशवीत टाकली. बसथांब्यावर पंधरा मिनिटं उभ्या राहिल्यावर डोकं एकदम हलकं झालं. त्यांनी त्याचा काही विचार केला नाही. वय म्हटलं की सगळ्याचं उत्तर मिळतं.

३

गुरुवारी त्यांनी मुलाला गाठलं, बस डेपोत. तो चालक होता. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात बाकावर पाय पसरून बसला होता, बूट काढून.

“मी रोपांना कशाला हात लावू?” तो म्हणाला. त्यात रागही नव्हता, नुसता थकवा. “पहाटे चारला उठतो, घरी येतो तेव्हा बायको डोकं धरून बसलेली आणि बाबा मला माझ्याच काकाच्या नावाने हाक मारतात. डॉक्टर म्हणतात, वय झालं. गेल्या महिन्यात त्यांना तपासायला दवाखान्यात नेलं, तर तिथे दोन तासांत ठणठणीत! डॉक्टरांच्या टेबलावरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे म्हणून सांगितलं. मी खोटा पडलो. घरी आणलं, की संध्याकाळी पुन्हा तेच.”

“हीटर कुणी बसवला?”

“मीच. जुना घेतला होता, चांगला चालतो. ही आठवडाभर माहेरी गेली होती तेव्हा बसवून टाकला. भिंतीत जुन्या शेगडीचं धुराडं होतंच, त्यालाच नळी जोडली. का?”

“सहज,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखरच सहज विचारलं होतं.

तिथून त्या हिरवळवाल्याकडे गेल्या. गोल, टकला, गवतावर चप्पल घालून चालणाऱ्याकडे शत्रूसारखा बघणारा गृहस्थ. त्याने तणनाशकाचा डबा आणून समोर आदळला. झाकणाचं सील शाबूत होतं.

“दर आठवड्याला मी साबणाचं पाणी मारतो, बाई! औषध मारायला माझ्या गवतात तण असायला तर हवं! आणि हे बघा.”

काचघराच्या भिंतीला अगदी खेटून त्याचे गुलाब होते. टवटवीत, कळ्यांनी भरलेले. तणनाशक उडालं असतं तर आधी हेच आडवे झाले असते. शिवाय त्या औषधाने कोवळं पान दोरीसारखं पिळवटतं. आप्पांची पानं सपाट होती, नुसती मान खाली घालून बसली होती. बाईंनी मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं.

“म्हातारा बिघडलाय मात्र,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “मी खिडकीतून हात केला तर शून्यात बघत बसला. पण परवा बाहेर बाकावर तासभर उन्हात होता, तेव्हा काय शिव्या दिल्या मला! क्रमवार. वीस वर्षांपूर्वीच्या कुंपणाच्या भांडणापासून. एक तारीख चुकली नाही. मला बरं वाटलं, खरं सांगतो.”

त्याने चिठ्ठीवर आपला फोन नंबर लिहून दिला. “मी निर्दोष आहे असं मला लेखी हवंय. कळवा.”

बाई घरी आल्या. संशयितांपैकी एकही उरला नव्हता, आणि फुलं मात्र गळतच होती.

४

शनिवारी दुपारी त्या स्वयंपाकघरात चहा ओतत होत्या. खिडकीत पाण्याच्या पेल्यात मंगळवारी आणलेली फांदी उभी होती. ठेवली त्या दिवसापासून तिच्याकडे बघणंच झालं नव्हतं. आता नजर गेली आणि ओतता ओतता चहा कपाबाहेर गेला.

फांदीचे वरचे देठ वर उठले होते. मिटलेली छत्री उघडावी तशी. टोकाला एक फूल उमललं होतं, घट्ट, पिवळंधमक.

रोग असता तर तो फांदीबरोबर या घरी आला असता. औषध असतं तर तेही आलं असतं. फांदीला ना माती होती, ना मूळ, ना खत. चार दिवसांत तिच्यात एकच गोष्ट बदलली होती. ती त्या घराबाहेर पडली होती.

बाई खुर्चीत बसल्या, आणि चार दिवस समोर पडलेल्या गोष्टी एकेक करून जागेवर बसू लागल्या. घराबाहेर पडून बरी झालेली ती फांदी एकटी नव्हती. दवाखान्यात आप्पांना घड्याळाची सात मिनिटं दिसली होती. बाकावर बसल्यावर त्यांना वीस वर्षांच्या तारखा आठवल्या होत्या. बसथांब्यावर बाईंची स्वतःची डोकेदुखी उतरली होती. खोलीत दिवसभर बसणाऱ्या सुनेचं मात्र रोज दुखत होतं. काचेवरची काजळी रस्त्यावरची असती, तर ती बाहेरून धरली असती. सून पुसत होती ती आतून.

अर्धवट जळलेला गॅस. त्यातल्या वायूंपैकी एकाने टोमॅटोचे देठ मान टाकतात आणि फुलं गळतात. माणसाला काही जाणवायच्या कितीतरी आधी रोप सांगतं. आणि त्याच धुरातला दुसरा वायू माणसाला मारतो. वास नाही, रंग नाही, नुसती झोप येते.

फळं धरली होती ती एकाच रोपाला, फुटक्या काचेखालच्या. सगळ्यांत गार जागी. आणि बाईंनी दोष थंडीला दिला होता.

मंगळवारचं स्वतःचंच वाक्य त्यांना ऐकू आलं. *तेवढी फुटकी काच बंद करून घ्या.*

त्यांनी फोन लावला. बराच वेळ वाजून तो उचलला गेला.

“कोण... बाई?” सुनेचा आवाज जड होता. “काच बंद केली हं. सकाळीच. फळी ठोकली, वरून पट्टी... आता छान ऊब आहे. आप्पा झोपलेत. मला पण...”

“बाहेर पडा! ऐकताय का? आप्पांना घेऊन आत्ता बाहेर पडा!”

पलीकडे काहीतरी जमिनीवर आपटलं. मग नुसती खरखर.

५

मुलाचा फोन लागेना. तो गाडीवर होता. बाईंनी रुग्णवाहिका बोलावली, आणि मग पर्समधून चुरगळलेली चिठ्ठी शोधून काढली.

“फावडं घ्या,” त्या म्हणाल्या, “आणि आप्पांच्या काचघराच्या काचा फोडा.”

“माझ्यावर केस घालायचा बेत आहे का?” हिरवळवाला म्हणाला.

“आत विषारी गॅस भरलाय. दोघं आत आहेत. फोडा!”

त्याने पुढे काही विचारलं नाही. फोन चालूच राहिला होता, आणि बाईंना धापा ऐकू आल्या, मग काच फुटल्याचा आवाज, मग पुन्हा, पुन्हा, पुन्हा.

टॅक्सी करून बाई पोहोचल्या तेव्हा आप्पा आणि सून दोघंही हिरवळीवर होते, एकाच चादरीवर. शेजाऱ्याचा हात कोपरापर्यंत कापला होता आणि तो आप्पांचे तळवे चोळत होता. “आधी हिला काढलं,” तो पुन्हा पुन्हा सांगत होता. “मग यांना. श्वास आहे, बाई. श्वास आहे ना?” सुनेला उलट्या होत होत्या. आप्पांचे डोळे मिटलेले होते. रुग्णवाहिकेतल्या माणसांनी दोघांच्या तोंडावर प्राणवायूचे मास्क चढवले आणि दारं बंद झाली.

गाडी गेल्यावर बाई घराच्या मागच्या बाजूला गेल्या. भिंतीतून डोक्याच्या उंचीवर धुराड्याची गंजकी नळी बाहेर आली होती. त्यांनी टाचा उंचावून आत दोन बोटं घातली. हाताला कापड लागलं. ओढलं, तर ते निघता निघेना, इतकं व्यवस्थित कोंबलेलं होतं. शेवटी सगळा बोळा बाहेर आला, काजळीने माखलेला. एका टोकाला मूळचा रंग शिल्लक होता. हिरवा. कडेला बारीक टीप.

बाईंनी तो पिशवीत टाकला. कोण करतंय, हे आता त्यांना कळलं होतं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असं त्यांना वाटलं.

६

रविवारी सकाळी इस्पितळाच्या वऱ्हांड्यात सून भिंतीला टेकून बसली होती. तिला सोडायचं ठरलं होतं. बाईंनी पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. सुनेने आत एकदा बघितलं आणि तिचे ओठ पांढरे पडले.

“ती जुन्या शेगडीची नळी आहे,” ती म्हणाली. “बंद पडलेली. वारा सुटला की शिट्टी वाजायची. आप्पा रात्रभर कूस बदलायचे. थंडी पडली तेव्हा मीच स्टूल घेऊन गेले आणि बाहेरून बुजवून टाकली. कुणाला विचारलं नाही, सांगितलंही नाही. त्यात सांगण्यासारखं काय होतं?”

“तुमच्या नवऱ्याने हीटर त्याच नळीला जोडला. तुम्ही माहेरी होता.”

“तो कधी बोलला नाही. हीटरची नळी कपाटामागून जाते, ती कुठे जोडलीय ते मी बघितलंच नाही.”

“तुम्हीही बोलला नाहीत. तो पहाटे जातो, तुम्ही दमून झोपता. दोन माणसं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना काम करत होती, एवढंच.”

सुनेने पिशवीचं तोंड आवळून बंद केलं. “म्हणजे त्यांना मी मारत होते. खोकला जावा म्हणून.”

बाईंनी आयुष्यात शेकडो लोकांना सांगितलं होतं, तुमचं रोप तुमच्याच हाताने मेलं. जास्त पाणी, जास्त खत, जास्त माया. ते सांगताना कधी जीभ अडली नव्हती. आज अडली.

“मी सांगेन, नळीत पक्ष्याने घरटं केलं होतं,” त्या म्हणाल्या. “आप्पा विश्वास ठेवतील.”

सुनेने मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

आप्पा उशीला टेकून बसले होते. मुलगा पायाशी, गणवेशातच. आप्पांची नजर स्वच्छ होती. बाईंनी ती पहिल्यांदाच बघितली. त्यांना जाणवलं की या माणसाला आपण आजवर भेटलोच नव्हतो.

“या, डॉक्टरीणबाई. चहा इथे मिळत नाही,” आप्पा म्हणाले. “बोला. कोण?”

“हीटरचं धुराडं तुंबलं होतं,” बाईंनी सुरुवात केली. “धूर खोलीत फिरत होता. त्यानेच फुलं गळली, त्यानेच तुम्ही विसरायला लागलात. शेजाऱ्याचा काही संबंध नाही. उलट त्यानेच तुम्हाला बाहेर काढलं. आणि फुटकी काच बंद करायला मी सांगितलं होतं. ती उघडी होती म्हणून तुम्ही दोघं इतके दिवस तगलात, आणि तिच्याखालच्या रोपाला तीन फळं धरलीत, म्हणजे तुमचं बी संपलेलं नाही. ती चूक माझी, पूर्णपणे माझी.”

“धुराडं कशाने तुंबलं?” मुलाने विचारलं.

बाईंनी श्वास घेतला. “नळीत एका पक्ष्याने...”

“मी,” सून दारातून म्हणाली. “मी बोळा कोंबला.”

मुलगा उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर एकामागून एक काय काय येऊन गेलं: दीड महिना, सोमवारचा आश्रम, बायकोचा रोजचा बाम, स्वतःच्या हाताने जोडलेली ती नळी. त्याने तोंड उघडलं.

“मीच सांगितलं होतं तिला,” आप्पा म्हणाले.

मुलाने वळून त्यांच्याकडे बघितलं.

“ती शिट्टी मला झोपू देत नव्हती. मी म्हटलं, बुजवून टाक.”

“नाही आप्पा, तुम्ही कुठे...”

“तुला आठवत नाही, पोरी. धुराने तुझंही डोकं चालत नव्हतं.” मग मुलाकडे वळून, घड्याळ दुरुस्त करून गिऱ्हाइकाच्या हातात ठेवावं तशा आवाजात, “माझी चूक आहे. तिला एक शब्द बोलायचा नाही. आणि उद्या मी घरी येतोय. तू खोली हवेशीर करून ठेव, हीटर काढून टाक.”

मुलगा हळूहळू खाली बसला. थोड्या वेळाने त्याने बायकोसाठी बाकावर जागा केली. ती येऊन बसली आणि तोंडाला पदर लावून आवाज न करता रडू लागली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला, जरा अवघडून, बऱ्याच दिवसांनी ठेवल्यासारखा.

आप्पांनी बाईंकडे बघितलं. खोटं कुठे आहे हे त्या खोलीत तिघांना ठाऊक होतं, आणि त्यांतल्या एकीचं तर आयुष्यच खरं कारण शोधण्यात गेलं होतं. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “माझा तपासही तेच सांगतो.”

बाहेर पडताना नोंदवहीवरच्या परिचारिकेने त्यांना अडवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाचं पेशंटशी नातं लिहून घ्यायचं होतं. बाईंनी पेन हातात घेतलं आणि जरा वेळ त्या रिकाम्या रकान्याकडे बघत उभ्या राहिल्या. पाय दुखत होते. मग बसने यावं लागण्याइतक्या लांब राहत असूनही त्यांनी ‘शेजारी’ असं लिहिलं आणि पायऱ्या उतरून मोकळ्या हवेत आल्या.